वय कुठं दिसतं?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरींनी पाच मिनिटं दिली आहेत, आणि बँकवाला वेळ पाळतो. तिकडं भिंतीवर पंचवीस वर्षांपूर्वीचे फोटो लावलेत. सकाळपासून जो तो दुसऱ्याचा फोटो बघून हसतोय, म्हणून हा विषय घेतला.

काउंटरवर बसून वय ताडायची सवय लागते. आपल्या एटापल्ली भागात जन्मतारखेवर विसंबता येत नाही. कित्येकांची तारीख १ जून, गुरुजींनी लिहिलेली. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांची आधारवर १ जानेवारी. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. रांगेतली बाई साठीची वाटावी, आणि कडेवरचं मूल नातू नसून तिचंच निघावं, असं इथं होतं.

का दिसते ती म्हातारी? एक तर ऊन. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन मे महिन्यातला. उन्हानं कातडी जाड होते, सुरकुतते. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवलेली. खिडकीकडचा डावा गाल पार लोंबलेला, उजवा बराच तरुण! काचेतूनही ऊन पोचतं. आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडं, तेव्हा आलापल्ली फेऱ्या करणाऱ्यांनी उजवा गाल आरशात बघावा.

पण उन्हापेक्षा मी दातांना जास्त मानतो. दाढा गेल्या की गाल आत जातात, हनुवटी नाकाकडं सरकते. केस काळे करता येतात (भुवया विसरतात लोक, ते सोडा), गालांना कलप नाही. कवळी थोडंफार सावरते, एवढंच.

आणि इथंच आपला खर्रा येतो. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. मुलांनो, आत्ताच करून बघा. पंचविशीतल्या पोराची दोनच जात असतील तर डॉक्टरांकडं जायचं, कारण यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो, आणि गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही. जिल्ह्यात मुक्तिपथचं काम चालू आहे, पण संध्याकाळी गेटसमोरच्या पानठेल्यावर आपल्यापैकी कोण उभं असतं, ते वॉचमनला ठाऊक आहे.

कानही वयाबरोबर लांबतात बरं का. इंग्लंडमध्ये १९९५ साली डॉक्टरांनी मोजले, वर्षाला सुमारे ०.२२ मिलिमीटर!

चालीचं मात्र उलट आहे. डोंगरातून पायी येणारा म्हातारा कातडीनं सत्तरीचा, पाठीनं ताठ. आपण सोसायटीवाले गुळगुळीत गालांचे, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कठडा सुटत नाही.

कष्टानं बोटांचे ठसेही झिजतात, मग मशीन अंगठा घेत नाही. पेन्शनर मंडळींनो, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ज्यांना जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी आधार आणि पेन्शनचे कागद घेऊन माझ्याकडं यावं. खिडकीजवळ खुर्ची ठेवलेली असेल, उजेड लागतो त्याला.