राजद्रव्य आणि निर्भय विद्या



सरकारी द्रव्यावर चालणारी संशोधनसंस्था सरकारला अप्रिय सत्य सांगू शकेल काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस जर्मनीतील कील या बंदराची आठवण होते. तेथे १९१४ साली प्राध्यापक बेर्नहार्ड हार्म्स यांनी जागतिक अर्थव्यवहाराच्या अभ्यासार्थ एक संस्था स्थापिली व तिच्या जोडीला मोठे ग्रंथालय उभारले. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे वासिली लिओंतिएफ तरुणपणी तेथेच संशोधन करीत होते. परंतु १९३३ साली नाझी सत्तारूढ झाले. हार्म्स यांना संचालकपद सोडावे लागले. गेर्हार्ड कोल्म व हान्स नायसर या विद्वानांनी देशत्याग केला. ग्रंथ जागेवर राहिले, त्यांवर स्वतंत्र विचार करणारे गेले.

आज ती संस्था केंद्र व राज्य सरकारांच्या अनुदानावर चालते आणि सरकारी धोरणावर प्रसंगी उघड टीकाही करते. यावरून आम्हांस एवढेच वाटते की, धन देणाऱ्याने प्रश्न जरूर विचारावा, उत्तर मात्र ठरवून देऊ नये. आपल्या शिक्षणनिधीतून शिकलेला विद्यार्थी उद्या आपल्याच मताविरुद्ध बोलला, तरी त्याची शिष्यवृत्ती न थांबविण्याचे धैर्य आपणां सर्वांस लाभो.