ओझे कोणी उचलायचे?
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)





साताऱ्याकडील कोयना आणि सांगलीकडील चांदोली ही जंगले मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे झाडाला बांधलेल्या एका कॅमेऱ्याने मे २०१८ मध्ये वाघ टिपला. असा कॅमेरा लहानशा सेलवर चालतो. त्याने चित्रफीत बिनतारी पाठवायची ठरवली तर?

हिशेब करा. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या एका कृष्णधवल चित्रात ३,०७,२०० आकडे. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे ७६,८०,००० आकडे! सेल किती टिकणार? म्हणून चित्र आवळावे लागते.

त्याची मोठी युक्ती १९४० साली बंगळूरात जन्मलेल्या नासिर अहमद यांची. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ साली त्यांना संशोधनासाठी अनुदान नाकारले गेले. तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली ते प्रसिद्ध केले. चित्राचे आकडे असे बदलायचे की बहुतेक जवळजवळ शून्य होतात. उरलेले मोजकेच जपायचे. तुमच्या मोबाइलमधील छायाचित्रे याच गणितावर साठवली जातात.

चित्रफितीत लागोपाठच्या चित्रांत काय हलले, हे शोधण्याचे काम सर्वांत जड. छोट्या कॅमेऱ्याला ते पेलत नाही. स्लेपियन व वुल्फ (१९७३) आणि वायनर व झिव (१९७६) यांच्या गणिताने दाखवले, की हे ओझे घेणाऱ्या केंद्रावर टाकता येते. कॅमेरा अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो, मधल्या चित्रांसाठी फक्त पडताळ्याचे थोडे आकडे. केंद्रातील संगणक मागच्या-पुढच्या चित्रांवरून मधले चित्र अंदाजाने उभे करतो आणि त्या आकड्यांनी चुका सुधारतो. अडलाच तर आणखी आकडे मागतो. तरावीहमध्ये हाफिजसाहेब अडले, तर मागून लुकमा मिळतो; कोणी अख्खा सिपारा म्हणून दाखवत नाही. तसेच हे.

पालकहो, यात आपल्यासाठीही धडा आहे. दहावी झालेल्या मुलाला गॅरेजवर आणि मुलीला घरकामाला लावून आपण घराचे ओझे सर्वांत लहान खांद्यावर ठेवतो. ते आपण आणि संस्थेने मिळून उचलू या. मुलांनो, गणिताला भिऊ नका. नकार मिळाला तरी वही मिटू नका.

अल्लाह आपल्या सर्वांना उपयोगी इल्म देवो. आमीन.