बिनकिल्लीची मोटार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारीच्या किल्लीचा विषय म्हणजे पक्वान्नांच्या पंगतीत वाढलेली लोणच्याची फोड, असे आपणांपैकी काहींस वाटेल. तसे वाटण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्या यंत्रात आपण रोज मुलाबाळांना घेऊन बसतो, ते चालू कसे होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते बंद झाले हे आपल्याला कशावरून कळते, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अलीकडे नवी मोटार घेतलेल्या कित्येक घरांतून किल्ली फिरवण्याची क्रियाच नाहीशी झाली आहे. खिशात एक लहानशी डबी असते. ती जवळ असली की दार उघडते, आणि ब्रेकवर पाय ठेवून बटन दाबले की इंजिन सुरू होते. "हे चांगले की वाईट?" असे मला पुष्कळ जण विचारतात. माझे उत्तर असे की, चालू करण्याच्या बाबतीत चांगले, बंद करण्याच्या बाबतीत अपुरे. आज जे सांगावयाचे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बटन दाबून मोटार चालू करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आरंभी मोटारीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल गरगरा फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला, तो कॅडिलॅकच्या १९१२ च्या मोटारींवर बसला, आणि माणसांची मनगटे वाचली. त्यानंतर कित्येक वर्षे किल्लीचे काम निराळे आणि स्टार्टरचे निराळे असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे स्टार्टरचे बटन तर पायाखाली होते. एकच किल्ली फिरवून विजेचा प्रवाहही जोडावयाचा आणि स्टार्टरही फिरवावयाचा, ही सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. म्हणजे आपण ज्या किल्लीबद्दल आज हळहळतो ती तशी फार पुरातन नाही.

पण या किल्लीने एक काम असे केले की ते तिच्यावर कोणी सोपवले नव्हते. मोटार चालवण्याचा परवाना ती देई, इंजिन फिरवी, ही तर तिची नेमलेली कामे. न नेमलेले काम म्हणजे साक्ष देण्याचे. इंजिन बंद केल्यावाचून ती खोबणीतून निघत नसे. तेव्हा किल्ली माझ्या मुठीत आहे याचा अर्थच मोटार बंद आहे. घरात शिरल्यावर ती खुंटीला अडकवली की, न विचारता, न सांगता, घरातल्या सर्वांस ती गोष्ट कळे. नव्या डबीचे तसे नाही. ती मोटार चालू असतानाही खिशात, बंद असतानाही खिशात, आणि खुंटीवर लटकली तरी तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिली दोन कामे नव्या पद्धतीने पूर्वीपेक्षा सफाईने केली, आणि तिसरे काम, कोणाच्या नकळत, गाळून टाकले.

आता ही डबी आणि मोटार यांचे संभाषण कसे चालते ते पाहू, कारण ते कळले की निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात. दाराच्या मुठीला हात लागला किंवा बटन दाबले की मोटार हळू आवाजात विचारते, "कोण आहे?" ही हाक सुमारे १२५ किलोहर्ट्झ इतक्या कमी कंप्रतेची असते आणि ती थोड्याच अंतरापर्यंत ऐकू जावी अशी मुद्दाम योजना असते. डबी ती ऐकून जागी होते आणि फार मोठ्या कंप्रतेवर, युरोपात बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि अमेरिकेत ३१५ वर, उत्तर देते. हे उत्तर गुप्त लिपीत असते व प्रत्येक वेळी बदलते. ते पटले तरच इंजिनाला परवानगी मिळते. मर्सिडीज-बेंझने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही सोय आपल्या मोठ्या मोटारींत आणली, आणि मग ती हळूहळू साध्या माणसाच्या मोटारीपर्यंत उतरली.

बटन दाबले आणि मोटार गप्प राहिली, तर काय करावे? प्रथम हे करू नये, की बटन पुन्हा पुन्हा रागाने दाबावे. समोरच्या पडद्यावर काय लिहून आले ते वाचावे. किल्ली सापडत नाही अशा अर्थाचे काही आले असेल, तर डबीतला घट संपला असण्याचा संभव सर्वांत अधिक. पुष्कळ डब्यांत २०३२ क्रमांकाचा, ३ व्होल्टचा बटनासारखा घट असतो. त्या आकड्याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, इतका सरळ आहे, आणि घड्याळजीकडेही तो मिळतो. पण तो आणीपर्यंत अडून बसण्याचे कारण नाही. डबीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपलेली असते. तिने चालकाच्या बाजूचे दार उघडते. किल्लीचे भोक कधी कधी मुठीवरच्या टोपणाखाली झाकलेले असते. आत बसून ब्रेक दाबावा आणि खुद्द डबी बटनाला टेकवून धरावी. काही मोटारींत यासाठी दुसरी जागा नेमलेली असते, ती पुस्तिकेत दाखवलेली असते. डबीत एक इवलीशी चीप अशी असते की तिला घट लागतच नाही. मोटारीतल्या वेटोळ्यातून, ट्रान्सफॉर्मरच्या न्यायाने, तिला जवळून वीज मिळते. मेलेली किल्ली अशी जिवंत होताना पाहून लोकांना चमत्कार वाटतो. त्यात चमत्कार काही नाही. डबी व मोबाइल एकाच खिशात चिकटून असले तरीही संभाषणात गोंधळ होऊ शकतो. तेव्हा घट बदलण्यापूर्वी त्यांना वेगळे करून पाहावे, म्हणजे फुकटात काम होते.

दुसरी अडचण ब्रेकची. ब्रेकवर पाय आहे हे मोटारीला एका लहानशा खटक्याकडून कळते. मागचे लाल दिवे पेटवणारा बहुधा हाच खटका. उभ्या मोटारीत मुले बसून पायाने खेळली, किंवा आपणच दोनचार वेळा ब्रेक दाबला, की त्याच्या मदतीस साठवलेली निर्वात पोकळी संपते, ब्रेक दगडासारखा कठीण होतो आणि खटका पुरता हलत नाही. अशा वेळी दोन्ही पायांनी जोर लावून ब्रेक दाबावा आणि मग बटन. तरीही नाही, तर कोणाला तरी मागे उभे करून, "दिवे लागतात का?" असे विचारावे. लागत नसतील तर खटका किंवा त्याचा फ्यूज बिघडला आहे. कारागिराला बोलावताना एवढे एक वाक्य सांगितले तर त्याचा एक तास व आपले बरेच पैसे वाचतात. गिअर हाताने बदलावयाच्या मोटारीत ब्रेकऐवजी क्लच पूर्ण दाबावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे शेजाऱ्याची मोटार बाजूला काढावयास गेलेली माणसे आत बसून घामाघूम होतात.

तिसरी अडचण मोठ्या बॅटरीची. बटन दाबताच टिक्‌-टिक्‌-टिक्‌ असा आवाज आला आणि दिवे मंदावले, तर डबी निर्दोष आहे, बॅटरी थकली आहे. अशा प्रसंगी आपल्याकडे एकच उपाय परंपरेने चालत आला आहे: धक्का! चार माणसे गोळा होतात, "मारा हो" म्हणतात. परंतु स्वयंचलित गिअरच्या मोटारीला धक्क्याचा काही उपयोग नाही. हाताच्या गिअरची असली तरी डबीची ओळख पटवण्यापुरती वीज तिच्यात शिल्लक पाहिजे. तेव्हा माणसांचा दम खर्चण्यापेक्षा दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीला तारा जोडणे बरे.

चोरांविषयी थोडक्यात सांगतो. मोटारीची हाक डबीपर्यंत आणि डबीचे उत्तर मोटारीपर्यंत मधल्या मध्ये पोचवणारे दोन दूत उभे केले, तर डबी घरात असताना दारातली मोटार चालू करता येते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील तिघा संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० प्रकारच्या मोटारींवर हे करून दाखवले. त्यानंतर काही कंपन्यांनी, न हलता पडून राहिली की झोपी जाणारी डबी काढली. ज्यांची डबी तशी नाही त्यांनी रात्री ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. आपल्या स्वयंपाकघरात त्याची वाण नाही. मात्र तो दाराजवळ नको, आणि झाकून ठेवल्यावर मोटारीशेजारी नेऊन एकदा पारखून पाहावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा, यजमान मोटार चालवत स्टेशनवर गेले, इंजिन चालूच ठेवून उतरले, आणि बाईसाहेब त्यांच्या जागी बसून पुढे निघाल्या. डबी यजमानांच्या खिशातून गाडीने मुंबईस रवाना झाली. मोटार चार वेळा पिपाणी वाजवते, पण चालत राहते. मुक्कामी पोचून बटन दाबले की बंद होते, आणि मग मात्र पुन्हा चालू होत नाही. लोक म्हणतात, "हा काय मूर्खपणा! किल्ली दूर गेली तेव्हाच बंद पडावयास नको होती का?" नको होती. रस्त्याच्या मध्यभागी, मागून ट्रक येत असताना इंजिन आपण होऊन बंद पडणे हे कितीतरी अधिक भयंकर. म्हणून किल्ली फक्त आरंभी पाहावयाची आणि नंतर चालकावर विश्वास ठेवावयाचा, असा नियम त्या यंत्रात घातला गेला. नियम योग्यच आहे. पण उभ्या मोटारीलाही तोच लावला गेला, आणि अनर्थ तेथे झाला.

अमेरिकेत पुष्कळ घरांना मोटारीची बंदिस्त खोली जोडूनच असते. आत मोटार घालावयाची, दरवाजा खाली ओढावयाचा आणि मधल्या दाराने थेट स्वयंपाकघरात जावयाचे. आजच्या इंजिनांचा आवाज फार कमी, आणि वीज व पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन तर उभे असताना पूर्ण शांत राहून मागाहून आपण होऊन सुरू होऊ शकते. डबी खिशात आहे, त्यामुळे हात जुन्या सवयीने ग्वाही देतो की काम झाले. इंजिन रात्रभर चालते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. २००६ पासून अशा रीतीने दोन डझनांहून अधिक माणसे दगावली, अशी नोंद न्यूयॉर्क टाइम्सने मे २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत वयस्कर माणसे पुष्कळ होती. पिपाणी वाजते हे खरे. पण मोटार पट्ट्यासाठी वाजते, दारासाठी वाजते, मागे घेताना वाजते; कान बधिरतो. शिवाय उतारवयात नेमके बारीक, उंच पट्टीचे आवाजच आधी ऐकू येईनासे होतात.

यावर, "माणसे विसरतात, त्याला यंत्र काय करणार?" असे म्हणणारे विद्वान भेटतात. त्यांना मी विचारतो, तुमच्या घरातल्या कुकरला सुरक्षा-झडप का असते? शिट्ट्या मोजावयास विसरलेल्या गृहिणीला स्फोटाची शिक्षा व्हावी, असे कोणी म्हणत नाही. विसरणे गृहीत धरून यंत्र घडवणे हीच अभियंत्याची विद्या. येथे तर अवघड असे काहीच नव्हते. मोटार उभी आहे, डबी दूर गेली आहे, अर्धा तास उलटला आहे, एवढे सगळे मोटारीला कळू शकते. तिने इंजिन बंद करावे. फोर्ड कंपनीने २०१३ च्या सुमारास तशी योजना आणली, आणि टोयोटाने २०२० च्या मोटारींपासून आणण्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. म्हणजे जे करता येत होते ते करावयास इतकी वर्षे लागली. अमेरिकन काँग्रेसने असा नियम करण्याचा आदेश नोव्हेंबर २०२१ च्या कायद्यात घातला.

बंद करण्याच्या बटनाची दुसरी एक हकीकत सांगितली पाहिजे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस मोटारीचा वेगाचा खटका चुकीच्या मापाच्या पायपोसाखाली अडकला. चालक महामार्ग पोलिसांतला अनुभवी माणूस होता, पण मोटार त्याची नव्हती. त्याची स्वतःची दुरुस्तीस दिल्यामुळे ती बदली मिळालेली. तो आणि कुटुंबातील तिघे, असे चौघे दगावले. चालत्या अवस्थेत ते इंजिन थांबवावयाचे तर बटन सुमारे ३ सेकंद दाबून धरावे लागे, आणि हे डॅशबोर्डवर कोठेही लिहिलेले नव्हते. किल्ली असती तर हात आपोआप तिच्याकडे गेला असता. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने सर्व बटनांना एकच रीत लावण्याचा प्रस्ताव मांडला. पण आपण काय करावे? वेग आवरत नसेल तर ब्रेक एकाच दाबाने घट्ट धरावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, आणि मगच बटन दाबून धरावे. आपल्या मोटारीची रीत पुस्तिकेत आज रात्रीच पाहावी. मागून घेतलेल्या मोटारीची तर निघण्यापूर्वी मालकालाच विचारावी.

आपल्याकडे घराला जोडलेल्या बंदिस्त खोल्या कमी, हे आपले सुदैव. पण बंगल्याखालचे शटरचे गॅरेज आहे, सोसायटीचे तळघर आहे, आणि शटर ओढून गार हवा चालू ठेवून मोटारीत डुलकी घेणारे लोकही आहेत. ज्यांची मोटार निजावयाच्या खोलीखाली उभी राहते त्यांनी कार्बन मोनॉक्साइडची घंटा जरूर बसवावी. इतरांनी एक क्रम हाताला लावावा: बटन दाबावयाचे, समोरचे आकडे मावळेपर्यंत थांबावयाचे, आणि मग दार उघडावयाचे.

आणि नवी मोटार घ्यावयाची असेल तर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा: इंजिन चालू ठेवून मी किल्ली घेऊन निघून गेलो, तर किती मिनिटांनी ही आपण होऊन बंद होईल? त्याला ठाऊक नसेल तर मोटार उघड्यावर काढून, इंजिन चालू ठेवून, एक खुर्ची मागवून घड्याळ पाहत बसावे. अर्धा तास काही फार नाही. तेवढ्यात चहाही येतो.