पहिला नांगर कोणी विकत घ्यावा?

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेले भाषण)



नवे तंत्र आणि नवे उद्योग हे शब्द कानी पडले की मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आज मी आपणास एका नांगराची हकीकत सांगणार आहे. ती जुनी आहे. परंतु तिच्यातील प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले, आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

आपला लाकडी नांगर जमीन फोडतो. लोखंडी नांगराचा फाळ जमीन कापतो आणि पंखा ती उलटवितो. त्यामुळे हराळी आणि कुंदा यांच्या खोल गेलेल्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. गुण एवढा उघड होता, तरीही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात.

ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. ज्याचे वर्षाचे धान्य एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी अवजार रानात घालताना दहादा विचार करावा, यात शहाणपणच आहे. नांगर फसला तर कारखानदाराचे लोखंड जाईल. शेतकऱ्याच्या मात्र घरातली चूल विझेल. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, नव्या प्रयोगाची जोखीम उचलायची कोणी?

लक्ष्मणरावांच्या बाबतीत तिचा काही भार एका संस्थानिकाने उचलला. बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे माळरान होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. पुढे याच कारखान्यातून उसाचे चरक आणि पाण्याचे पंपही बाहेर पडले.

या मदतीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. औंधच्या अधिपतींनी नांगर कसा असावा हे सांगितले नाही, आणि यशाची हमीही मागितली नाही. त्यांनी जागा दिली, थोडे भांडवल दिले आणि वेळ दिला. बाकीचे कष्ट कारखान्याने करावयाचे होते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ते संस्थानिक होते. आम्हांस हिशेब द्यावा लागतो. ही अडचण खरी आहे. मी स्वतः शासकीय सेवक आहे आणि यशोगाथा लिहिणे हे माझे कामच आहे. इतक्या वर्षांत ‘हा प्रयोग फसला, आणि तो का फसला ते पाहा’ असे टिपण मी क्वचितच लिहिले असेल. फसलेले प्रयोग आम्ही फायलीत बांधून ठेवतो आणि दुसऱ्या तालुक्यात तीच चूक पुन्हा घडते. सार्वजनिक पैशाची जोखीम मोठी असू नये, हे मान्य. परंतु ती लहान ठेवण्याचा मार्ग म्हणजे प्रयोग टाळणे नव्हे. त्याला मर्यादा घालणे आणि त्याची प्रामाणिक नोंद ठेवणे हा होय.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. आपल्या गावचा एखादा सुतार, लोहार किंवा पदवी घेऊन परतलेला तरुण नवे अवजार घेऊन आला, तर पंचायत सदस्यांनी त्याला अर्धा एकर रान आणि एक हंगाम मिळवून द्यावा. ज्याचे रान, त्याच्या पिकाची भरपाई आधी ठरवावी. म्हणजे जोखीम दुबळ्याच्या माथी पडणार नाही. शिक्षकांनी मुलांना यंत्र उघडू द्यावे. अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. तेथील हत्यारे कुलपात चकचकीत राहण्यापेक्षा मुलांच्या हातून झिजलेली बरी. आणि अधिकाऱ्यांनी अहवालात ‘यशस्वी झाले काय?’ या रकान्याशेजारी ‘काय कळले?’ असा आणखी एक रकाना आखावा.

नवा नांगर घडविणारा माणूस आपल्या गावी आज ना उद्या जन्म घेईलच. तो आपल्या दारी येईल, तेव्हा त्याला दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत बसावे लागू नये, एवढे आपल्या हाती आहे.