प्रवेश मिळाल्यानंतर

कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म इंदूरचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना नकार दिला. आग्रह धरल्यावर प्रवेश मिळाला, तोही वर्षभराच्या अजमावणीवर! मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे. परंतु त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवरील काम कमलाबाईंकडून कसून करवून घेतले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

आज घरात प्रथमच पदवी पाहिलेली मुलेमुली जीववैद्यकीय संशोधनाकडे वळत आहेत. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे योग्यच. मात्र ती वेळेवर हाती पडावयास हवी. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना रविवार ठाऊक नसतो. घरी पैसे धाडणारा विद्यार्थी रक्कम रखडली की शिकवण्या धरतो, आणि इकडे प्रयोग वाया जातो. मार्गदर्शकांस माझी विनंती आहे की, पहिल्या वर्षी तरी आठवड्यातील एक तास अशा विद्यार्थ्याच्या नोंदवहीसाठी त्यांनी राखून ठेवावा.