विद्यापीठ घरी येते तेव्हा शिकवितो कोण?

(जासई परिसरातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जासई हे नाव महाराष्ट्राला जमिनीच्या लढ्यामुळे ठाऊक झाले. १९७० मध्ये नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी व कोळी समाजाच्या जीवनाचा आधारच हलला. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये येथे मोठे आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य प्राप्त झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून पुढे आले, हे येथे कोणास सांगावयास नको.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, दोन घटना अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतराने घडल्या. २६ मे रोजी न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि १ जुलै रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पहिल्या घटनेने या परिसरातील माणसाचा व्यवसाय पालटला. दुसऱ्या घटनेने, ज्याला महाविद्यालयाच्या वेळेत महाविद्यालयात जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी पदवीचे दार उघडले. जमिनीची भरपाई भूखंडाने होऊ शकेल. गेलेल्या व्यवसायाची भरपाई मात्र नव्या विद्येनेच होते. म्हणून या दोन घटनांचा एकत्र विचार करणे जासईसारख्या गावाला आवश्यक आहे.

आज हे घरबसल्याचे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. त्याविषयी चौकशी करणारा पालक फी किती, मुदत किती, पदवी नोकरीत चालते काय, असे प्रश्न विचारतो. ते योग्यच आहेत. परंतु शाळा-महाविद्यालय निवडताना जो प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, तो येथे क्वचितच विचारला जातो : शिकविणारा कोण? तो कोठून आला, आणि दूर असलेल्या विद्यार्थ्याला शिकविण्याची विद्या त्याने कोठे संपादन केली? आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

वाट पाडणारे

दूरशिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यापैकी कोणीही त्या विषयाची पदवी घेऊन आलेला नव्हता, कारण तशी पदवीच नव्हती. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली. त्याचे पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे एडिनबरो विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाले. ते उभारणारे आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले प्रा. जी. राम रेड्डी हे लोकप्रशासनाचे अभ्यासक होते. पंचायती राज्य हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले डॉ. व्ही. सी. कुलंदैस्वामी हे जलविज्ञानाचे अभियंता होते.

महाराष्ट्रात हे कार्य प्रा. राम ताकवले यांच्याकडे आले. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९७८ ते १९८४ या काळात त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांनी त्याची घडी बसविली आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचीही धुरा वाहिली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

औषधशास्त्र, लोकप्रशासन, जलविज्ञान, भौतिकशास्त्र : या चार विद्याशाखांत वरकरणी काही साम्य नाही. साम्य आहे ते या विद्वानांनी पत्करलेल्या कामात. वर्गात उभा असलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या मुद्रेवरून ओळखतो की, मुद्दा समजलेला नाही. तो थांबतो, उदाहरण बदलतो, पुन्हा सांगतो. दूरशिक्षणात ती मुद्रा दिसत नाही. विद्यार्थी कोठे अडेल याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो आणि त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. आपल्या विषयात कितीही पारंगत असलेल्या प्राध्यापकाला हे काम नव्याने शिकावे लागते. किंबहुना स्वतः पारंगत असल्यामुळेच, नवख्याला कोठे अडचण येते याचा त्याला विसर पडलेला असतो.

हे ध्यानात आल्यामुळेच ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने एकट्या प्राध्यापकावर भिस्त न ठेवता अभ्यासक्रम-मंडळाची पद्धत स्वीकारली. विषयाचा तज्ज्ञ, शिक्षणशास्त्राचा जाणकार, संपादक आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीचा निर्माता हे एकत्र बसून पाठ तयार करीत. आपल्याकडे पत्रद्वारा शिक्षण त्यापूर्वीच, १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात सुरू झाले होते. मुंबई विद्यापीठाने ते १९७१ मध्ये सुरू केले. रायगड जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. वर्गातील टिपणे छापून टपालाने पाठविणे म्हणजे अध्यापन नव्हे, अशी टीका त्या पद्धतीवर पुष्कळदा होत असे. मुक्त विद्यापीठांची पाठ्यपुस्तके या टीकेला दिलेले उत्तर होय. आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे आणि सर्वत्र विद्यार्थ्याशी बोलल्यासारखी भाषा, अशी त्यांची रचना असते. पुस्तकानेच शिक्षकाचे काम करावे, हा त्यामागील हेतू.

पवईतील प्रयोग

संगणक आणि इंटरनेट आल्यावर या परंपरेत पुढची पिढी दाखल झाली. तिचा एक ठळक नमुना जासईहून फार दूर नाही. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा चालविल्या. एकाच वेळी दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचणे हे त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट होते. व्याख्यान पवईहून प्रक्षेपित होई. तथापि प्रत्येक केंद्रावर एक स्थानिक समन्वयक असे आणि त्याला आधी पवईस बोलावून प्रशिक्षण दिले जाई. पडद्यावरील तज्ज्ञ कितीही थोर असला तरी समोर बसलेल्यांच्या हाताशी कोणी तरी जाणकार माणूस असलाच पाहिजे, हे सूत्र त्या योजनेतच गृहीत होते.

त्याच संस्थेतील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभारला. सुमारे दहा मिनिटांची एक चित्रफीत असते. ती पाहता पाहता विद्यार्थ्याने तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहावयाची असते. हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले आहेत आणि उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवायही चालतात. पाठाची संहिता तज्ज्ञाने तपासल्यावर ती एखाद्या नवख्या व्यक्तीकडून पडताळून घेण्याची प्रथा या प्रकल्पात आहे. नवखा जेथे अडेल तेथे दोष त्याचा नसून पाठाचा, असे मानले जाते. लहानशी वाटणारी ही प्रथा म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्येचे सारच होय.

२०१० मध्ये याच संस्थेत शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएच.डी. संशोधनाची सोय झाली. तेथील प्राध्यापकांपैकी श्रीधर अय्यर संगणकशास्त्राकडून आले, तर साहना मूर्ती भौतिकशास्त्राकडून. येथे एक मोठा बदल ध्यानात येतो. पहिल्या पिढीने जे अनुभवाने जाणले, ते आता संशोधनाचा विषय झाले. चित्रफितीत नेमके कोठे थांबून विद्यार्थ्याला विचार करण्यास सांगावे, सराव केव्हा द्यावा, मंद गतीने शिकणाऱ्याला आणि पुढे गेलेल्याला वेगवेगळे साहित्य कसे पुरवावे, यांची उत्तरे आता प्रयोगाने शोधली जातात. याचा अर्थ असा की, दूरच्या विद्यार्थ्याला शिकविणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला असून त्यालाही शिक्षण लागते.

कॅमेरा म्हणजे शिक्षक नव्हे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातील लक्षावधी शिक्षकांना एका रात्रीत पडद्यासमोर बसावे लागले. त्यांनी त्या संकटात शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही, याबद्दल समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु त्या काळातून एक चुकीची समजूतही रूढ झाली. ती अशी की, तासाचे चित्रण करून पाठविले म्हणजे ऑनलाइन शिक्षण झाले. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ व्यासपीठाचे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. त्याच्या अभ्यासक्रमाची चार अंगे ठरविलेली आहेत : चित्रफीत, वाचनसाहित्य, शंकासमाधानासाठी चर्चा आणि स्वयंचाचणी. चित्रण हे त्यांपैकी केवळ एक अंग आहे. उरलेली तीन अंगे नसतील, तर विद्यार्थ्याच्या हाती राहते ती केवळ करमणुकीच्या चित्रपटासारखी एक फीत.

येथेच आपल्या गावातील शिक्षकाचे स्थान स्पष्ट होते. मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थेत अभ्यासकेंद्र असते आणि तेथे संमंत्रक असतो. हा संमंत्रक बहुधा जवळच्या शाळा-महाविद्यालयातील अध्यापकच असतो. आपले नित्याचे काम सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, तो प्रौढ विद्यार्थ्यांच्या शंका सोडवितो. त्याचे नाव पडद्यावर येत नाही. तरी कंटेनर यार्डात रात्रपाळी करणारा तरुण किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी दुसऱ्या महिन्यात मागे पडली, तर तिला हाक मारणारा तोच असतो. घरी अभ्यासाला जागा नाही, पहिला स्वाध्याय लिहावयाचा कसा हे कळत नाही, लेखनाची सवय मोडली आहे, अशा अडचणींनी शिक्षण सुटते. बुद्धी कमी असल्यामुळे ते क्वचितच सुटते. या अडचणी नाशिकहून वा पवईहून दिसत नाहीत. त्या जासईतच दिसतात.

पंचायतीने विचारावयाचे प्रश्न

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. गावातील तरुण कोणत्याही दूरस्थ वा ऑनलाइन शिक्षणक्रमास प्रवेश घेत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याला पुढील प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

पहिला प्रश्न मान्यतेचा. संबंधित संस्थेला त्या विशिष्ट शिक्षणक्रमासाठी आणि त्या विशिष्ट वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या यादीत पाहावे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले आहे. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या आणि विधी यांसारख्या शिक्षणक्रमांना आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार या मार्गाने परवानगी नाही. अशा पदवीचे आमिष कोणी दाखवीत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

दुसरा प्रश्न शिक्षकाचा. पाठ कोणी लिहिले, शिकविणाऱ्याचा विषय कोणता आणि त्याला दूरच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचा काय अनुभव आहे? ज्या संस्थेच्या जाहिरातीत इमारतीचे चित्र आहे आणि शिक्षकांची नावे नाहीत, तिच्याकडे ती नावे मागून घ्यावीत.

तिसरा प्रश्न शंकेचा. विद्यार्थी अडला तर त्याने कोणाला विचारावयाचे, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल? स्वाध्याय तपासून त्यावर शेरा लिहून परत मिळतो, की केवळ गुण कळविले जातात?

चौथा प्रश्न संस्थेला विचारावयाचा नाही, तो पंचायतीने स्वतःला विचारावयाचा आहे. विद्यार्थ्याने बसावयाचे कोठे? पाळीच्या कामावरून आलेल्या तरुणाला संध्याकाळी दोन तास शांतता, दिवा, टेबल आणि इंटरनेटची जोडणी देणारी एक खोली, मग ती वाचनालयाची असो वा शाळेची, पंचायतीच्या आवाक्याबाहेरची नाही. त्या खोलीत आठवड्यातून एकदा गावातील एखादा निवृत्त शिक्षक येऊन बसला, तर त्या खोलीचे अभ्यासकेंद्र होण्यास वेळ लागणार नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि मुंबई या परिसराच्या आणखी जवळ आली. नोकऱ्या जवळ येतील, तशी त्या नोकऱ्यांवर हक्क सांगणारी स्पर्धाही जवळ येईल. त्या स्पर्धेत येथील भूमिपुत्राच्या हाती असलेली पदवी कागदापुरती असून चालणार नाही. तिच्यामागे कोणी तरी खरोखर शिकविलेले असले पाहिजे.

राम ताकवले भौतिकशास्त्राकडून आले, राम रेड्डी पंचायतींच्या अभ्यासाकडून आले. जासईचा संमंत्रक शाळेच्या फळ्याकडून येईल. प्रत्येकाला दूरच्या विद्यार्थ्याची अडचण ओळखण्याची विद्या नव्याने शिकावी लागली आहे आणि पुढेही लागेल. ती शिकलेला शिक्षक आपल्या मुलांच्या वाट्याला आला आहे काय, हे पाहणे पालकांचे व पंचायतीचे काम आहे. या गावाने आपल्या जमिनीचा वाटा साडेबारा टक्क्यांपर्यंत मोजून घेतला. शिक्षणही त्याने तसेच मोजून घ्यावे.