हौदात काय लावायचं?

मी काशीहून बोलते आहे, दूधविनायकातून. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, दूधविनायक ही इथल्या मराठी माणसांची जुनी वस्ती. गल्ल्या अरुंद, घरं उंच, मध्ये चौक. आमच्या चौकात एक दगडी हौद आहे, कमरेइतका खोल. आज त्याच हौदाबद्दल बोलायचं आहे, कारण मी तो जवळजवळ बुजवायला निघाले होते.

सासूबाईंची इच्छा होती की त्यात कमळ लावावं. लक्ष्मीपूजनाला घरचं कमळ! मी कंद आणले, लावले. पानं आली, ताटाएवढी. फूल एक नाही. दोन वर्षं खत घातलं, माती बदलली, वर आलेले कोंब माकडांनी खाल्ले म्हणून माकडांना शिव्या घातल्या. चूक माकडांची नव्हती. कमळाला दिवसाला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. मी एक दिवस घड्याळ घेऊन चौकात बसले. ऊन पाण्यावर आलं साडेअकराला आणि अडीचला गेलं. तीन तास! हे आधी मोजायला हवं होतं.

मग मी दुसरी, मोठी चूक केली. ओळखीतल्या एकांनी जलकुंभी आणून दिली. महाराष्ट्रात तिला जलपर्णी म्हणतात. कोल्हापूरकरांना तिच्याबद्दल सांगायला नको, त्यांच्या पंचगंगेवर तिचा गालिचा पसरतो. आम्ही राहतो पंचगंगा घाटाजवळ, पण मला अक्कल आली नाही. जांभळी फुलं सुंदर दिसतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. पावसाळ्याच्या तोंडाशी हौदात पाणी दिसेना.

हौदात डासांसाठी गप्पी मासे सोडलेले होते. वरून पूर्ण झाकलेल्या पाण्यात हवा मिसळत नाही, खाली पानं कुजतात, तीही प्राणवायू खातात. एका सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले. मासे गेले आणि अळ्यांना रान मोकळं झालं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. त्या भाद्रपदात शेजारच्या मुलीला डेंग्यू झाला, ती सहा दिवस दवाखान्यात होती. डास आमच्याच हौदातला होता का, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुमचा हौद." पुढे काही बोलली नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

घरात ठरलं, बुजवून टाकू. या शहराला बुजवण्याची सवय जुनी आहे. 1820 च्या दशकात जेम्स प्रिन्सेपने बोगदा खोदून इथली तळी उपसली. मच्छोदरीला आता बाग आहे, मैदागिनला मंदाकिनीच्या जागी कंपनीबाग. रोगराई हेच कारण तेव्हाही होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून मी भांडले नाही. एक पावसाळा मागितला.

हौद रिकामा केला, जलकुंभी उन्हात वाळवून खतात घातली. नाल्यात टाकू नका, ती तिथे पुन्हा जगते. मग विचार केला, सावलीत आणि ओलीत आपल्या माणसांनी काय लावलं? कोकणात माहेरी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू असायचं, पलीकडे कर्दळ. अळू उथळ पाण्यातही उभं राहतं आणि त्याला कमी ऊन चालतं. म्हणून विटांची पायरी रचून कुंडीत अळू ठेवलं. शेजारी वेखंड. बाळगुटीतलं वेखंड आपल्याला माहीत असतं ते वाळकं, पण ती दलदलीतली वनस्पती आहे. कर्दळ मात्र सावलीत लांब वाढून लोळली, काढून टाकली.

जिथे तीन तास ऊन पडतं तिथे एकच कुमुद. 'डॉबेन' नावाची जात आहे, फिकट निळी, वासाची. तीन-चार तासांवर फुलते. तिच्या पानाच्या मधोमध चिमुकलं रोप येतं, ते तोडून वाटता येतं. कुंडीत नुसती चिकणमाती घाला, वरून खडी. शेणखत घातलंत तर पाणी हिरवं होईल. पानांनी अर्धं पाणी झाकलं की थांबा, जास्तीची कापा. राहिलेलं पाणी माशांसाठी.

आणि मासे हवेतच. यातली कुठलीही वनस्पती डास मारत नाही, कोणी काही सांगो. मी दर रविवारी पांढऱ्या वाटीत पाणी काढून अळ्या दिसतात का पाहते. शेजारची मुलगीही येते पाहायला. तिच्याकडेच आता एक कुमुदाचं रोप आहे, बादलीत, दोन मासे घालून. तिच्या आईनेच मागितलं.

त्या पावसाळ्याला चार वर्षं झाली. अळूवड्या घरच्या पानांच्या होतात. लक्ष्मीपूजनाचं कमळ मात्र अजूनही बाजारातूनच येतं, आणि सासूबाई ते दरवर्षी बोलून दाखवतात.